चार्ल्स डॉटर

चार्ल्स थिओडोर डॉटर (१४ जून, १९२० – १५ फेब्रुवारी, १९८५) हे अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ होते. अरुंद झालेली रक्तवाहिनी मोठ्या शस्त्रक्रियेविना, बारीक नळीने आतून रुंद करण्याच्या पद्धतीचे ते प्रवर्तक होत. डायलिसिसच्या रुग्णांची रक्तवाहिनी स्टेंट बसवून खुली ठेवण्याच्या उपचाराचे मूळही त्यांच्या संशोधनात आहे.

जीवन

डॉटर यांचा जन्म बोस्टन येथे झाला. ड्यूक विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर १९४४ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठातून वैद्यकीय पदवीधर झाले. १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, पोर्टलँड येथील ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. ते निष्णात गिर्यारोहकही होते.

रक्तवाहिनीचे रुंदीकरण

१६ जानेवारी, १९६४ रोजी डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका महिलेवर या पद्धतीने उपचार केले. तिच्या डाव्या पावलाला गँगरीन झाले होते, परंतु पाय कापून घेण्यास तिचा नकार होता. डॉटर यांनी मांडीच्या धमनीतील अरुंद भागातून एकावर एक सरकणाऱ्या नळ्या नेऊन ती रुंद केली. काही मिनिटांतच पाऊल उबदार झाले. पुढे सुमारे तीन वर्षांनी मृत्यू येईपर्यंत ती स्वतःच्या पायांवर चालत होती. हे संशोधन त्यांनी सहकारी मेल्विन जडकिन्स यांच्यासह त्याच वर्षी प्रसिद्ध केले. अमेरिकेतील अनेक शल्यचिकित्सकांनी ही पद्धत स्वीकारली नाही. युरोपात मात्र ती लवकर रुजली. १९७४ मध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी नळीला फुग्याची जोड दिल्यावर तिचा जगभर प्रसार झाला.

स्टेंटची कल्पना

रुंद केलेली वाहिनी पुन्हा आक्रसू नये म्हणून डॉटर यांनी कुत्र्यांच्या पायांतील धमन्यांत नळ्या बसवून पाहिल्या. प्लॅस्टिकच्या सलग नळ्या गुठळ्यांमुळे लगेच बंद पडल्या; तारेच्या वेटोळ्यांपैकी काही मात्र दोन वर्षांहून अधिक काळ खुली राहिली. हे निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८३ मध्ये त्यांनी उष्णतेने मूळ आकार धारण करणाऱ्या निटिनॉल या मिश्रधातूची वेटोळी वापरली. उत्तरायुष्यात कर्करोग व हृदयविकाराने ग्रासले असतानाही त्यांचे काम सुरू होते. मानवी हृदयधमन्यांत स्टेंट बसवण्यास १९८६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, सुरुवात झाली.

डायलिसिसमधील उपयोग

डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर जोडून फिस्टुला तयार करतात किंवा त्यांच्यामध्ये कृत्रिम नळी बसवतात. कालांतराने शिरेचे अस्तर जाड होऊन रक्तप्रवाह मंदावतो. प्रथम फुग्याने शीर रुंद केली जाते. ती लगेच आक्रसली, फाटली किंवा वारंवार अरुंद होऊ लागली, तर स्टेंटचा विचार होतो. स्टेंटमध्येही पुन्हा अडथळा निर्माण होऊ शकतो. सुया टोचण्याच्या जागी तो शक्यतो बसवत नाहीत. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडविकार हा गंभीर प्रश्न आहे. तेथील डायलिसिसच्या रुग्णांच्या दृष्टीने फिस्टुला टिकणे म्हणजे उपचार अखंड चालू राहणे होय.