सिकंदराबादचा डास आणि रोनाल्ड रॉस

हैदराबादेत बेगमपेठच्या जुन्या विमानतळाजवळ सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची एक जुनी इमारत आहे. शेजारून रोज जाणाऱ्या कित्येकांना तिथं काय घडलं ते ठाऊक नसतं.

रॉस यांचा जन्म १८५७ चा, अल्मोड्याचा. वडील लष्करात. पोराचा ओढा कविता आणि गणिताकडे, पण वडिलांच्या हट्टापायी डॉक्टर झाले आणि १८८१ मध्ये सरकारी वैद्यकीय सेवेत आले.

तेव्हा हिवताप दलदलीच्या खराब हवेनं होतो असं मानत. हे कारण कुठंही चिकटायचं. ताप आला तर हवा वाईट, नाही आला तर हवा बरी! ते खोटं ठरवायची सोयच नव्हती.

लंडनचे डॉ. मॅन्सन यांचा संशय डासावर होता. डास पाण्यात मरतो, ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो, असा त्यांचा अंदाज. रॉस यांनी तो सिकंदराबादेत तपासला. डास मेलेलं पाणी लोकांना पाजलं. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही.) पहिल्याला ताप आला, रॉस हरखले. पण ते तिथं थांबले नाहीत, आणखी लोकांना पाजलं. बहुतेकांना काहीच झालं नाही. गुरूचा अंदाज पडला.

मग डास चिरणं सुरू झालं. पंखा लावायची चोरी, कारण डास उडून जायचे. घामानं मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले. शेकडो डास झाले, हाती काही नाही. जातच चुकीची होती.

ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला पैसे देऊन ते चावू दिले. २० ऑगस्टला त्यातल्या एकाच्या पोटाच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशीच्या डासात त्या वाढलेल्या होत्या.

महिन्याभरात बदली झाली, काम अडलं. पुढं १८९८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केलं. जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले, आणि ते डास चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. माणसाच्या बाबतीतला पुरावा त्याच वर्षी इटलीच्या ग्रासी आणि सहकाऱ्यांनी दिला. श्रेयावरून दोघांत कडवट भांडण झालं, रॉस शेवटपर्यंत ते विसरले नाहीत.

१९०२ चं नोबेल रॉस यांना मिळालं. १९३२ मध्ये ते लंडनला वारले. हुसेन खानचं पुढं काय झालं, याची नोंद कुणी ठेवली नाही.