विश्लेषण : सिनेमात राणीचा खून करणारे डेरेक जार्मन कोण होते?

१९७७ मध्ये ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव साजरा होत होता. गल्लोगल्ली पताका लागल्या होत्या. त्याच वर्षी लंडनमधील एक ३५ वर्षांचा चित्रकार तुटपुंज्या पैशांत भलताच सिनेमा काढत होता. त्यात या राणीचा लुटमारीत खून होतो आणि तिचा मुकुट मुलींच्या एका टोळीच्या म्होरकीकडे जातो. सिनेमाचे नाव ‘ज्युबिली’, दिग्दर्शक डेरेक जार्मन.

सिनेमाकडे कसे वळले?

जार्मन यांचा जन्म ३१ जानेवारी १९४२ रोजी लंडनजवळच्या नॉर्थवुडचा. वडील ब्रिटिश हवाई दलात अधिकारी. मुलगा समलैंगिक. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधील असे संबंध गुन्हा होते, म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत जार्मन कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकून ते नेपथ्याकडे गेले. केन रसेल यांच्या ‘द डेव्हिल्स’ (१९७१) या वादग्रस्त सिनेमातले पांढऱ्याशुभ्र भिंतींचे शहर त्यांनीच उभे केले.

त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा ‘सेबास्टियन’ १९७६ मध्ये आला. त्याचे संवाद लॅटिनमध्ये होते, त्यामुळे इंग्रज प्रेक्षकांना इंग्रजी सिनेमा सबटायटल्स वाचत पाहावा लागला!

‘ज्युबिली’त एवढे भयंकर काय?

कथा सुरू होते सोळाव्या शतकात. राणी एलिझाबेथ पहिली आपल्या ज्योतिषाकरवी भविष्य पाहू मागते आणि तिला दिसते मोडून पडलेले लंडन. कायदा उरलेला नाही, रस्त्यात मुडदे आहेत आणि बकिंगहॅम पॅलेसचा चक्क रेकॉर्डिंग स्टुडिओ झाला आहे. पंक मुलींची टोळी कंटाळा आला म्हणून माणसे मारते. सेटवर खर्च करायची गरज फारशी नव्हती. थेम्सकाठची ओसाड गोदामे आणि पडक्या भिंती आयत्याच होत्या.

राजनिष्ठ मंडळी चिडणार हे उघडच होते, पण पंकवालेही चिडले. फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड यांनी या सिनेमाचा निषेध करणारे खुले पत्र चक्क टी-शर्टवर छापले. कारण सिनेमा पंक चळवळीचीही आरती ओवाळत नाही. शेवटी हे बंडखोर करार करून बड्या माध्यमसम्राटाच्या पंखाखाली जातात. सिनेमात छोटी भूमिका करणारा ॲडम अँट पुढच्या तीनेक वर्षांत खरोखरच पॉपस्टार झाला. राणीच्या खुनापेक्षा हे भाकीत जास्त बोचरे होते.

१९८०च्या दशकात ‘चॅनेल ४’ने हे सिनेमे दाखवले, तेव्हा पुन्हा ओरड झाली.

पैसे नसताना सिनेमा कसा काढला?

याचे उत्तर सुपर-८ कॅमेऱ्यात आहे. घरगुती समारंभ टिपायला लोक वापरत तोच. त्याच्या एका काडतुसात ५० फूट फिल्म, म्हणजे सुमारे ३,६०० फ्रेम. सेकंदाला १८ फ्रेमच्या नेहमीच्या वेगाने ती साडेतीन मिनिटेही पुरत नाही. जार्मन अनेकदा सेकंदाला सहा फ्रेम घेत, मग तीच फिल्म दहा मिनिटे चाले. हिशेब साधा, पण त्यातून हलती-थरथरती, दुःस्वप्नासारखी प्रतिमा मिळाली आणि तीच त्यांची ओळख ठरली. याउलट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या पैशांतून झालेल्या ‘काराव्हाज्जो’साठी (१९८६) त्यांना कित्येक वर्षे थांबावे लागले. टिल्डा स्विंटन यांचा हा पहिला सिनेमा.

त्यांचा सर्वात भयाण सिनेमा मात्र ‘द लास्ट ऑफ इंग्लंड’ (१९८७), सुपर-८वरच टिपलेला. त्याला पटकथा नाही. लंडनच्या बंद पडलेल्या गोदीत बुरखाधारी बंदूकवाले लोकांना हाकतात, गोळ्या घालतात. स्विंटन लग्नाचा पोशाख कात्रीने फाडत सुटते. मध्येच जार्मन कुटुंबाच्या जुन्या घरगुती फिल्म येतात. भुताखेतांशिवायची ही भीती थॅचर यांच्या काळातल्या ब्रिटनची होती.

एचआयव्ही आणि ‘ब्लू’

२२ डिसेंबर १९८६ रोजी जार्मन यांना एचआयव्हीचे निदान झाले. त्या काळी हा शब्द उच्चारायलाही लोक घाबरत. त्यांनी मात्र तो जाहीरपणे सांगितला. १९८८ मध्ये ‘सेक्शन २८’ कायद्याने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करण्यास बंदी घातली, तेव्हा ते मोर्चात होते.

वडिलांच्या वारशातून त्यांनी डंजनेस येथे अणुवीज केंद्राजवळ मच्छीमाराची झोपडी घेतली, ३२ हजार पौंडांना. तिथल्या गोट्यांच्या किनाऱ्यावर, खाऱ्या वाऱ्यात, कुंपण न घालता बाग फुलवली.

आजाराने दृष्टी जात चालली तेव्हा आला ‘ब्लू’ (१९९३). सव्वा तासाहून जास्त वेळ पडद्यावर फक्त निळा रंग; बाकी आवाज, संगीत आणि रुग्णालयातले दिवस. ‘चॅनेल ४’ आणि ‘बीबीसी रेडिओ ३’ने तो एकाच वेळी प्रसारित केला.

१९ फेब्रुवारी १९९४ रोजी, ५२व्या वर्षी, जार्मन गेले. दोनच दिवसांनी ब्रिटिश संसदेत समलैंगिक पुरुषांसाठी संमतीवयावर मतदान झाले. ते २१ वरून १८ वर आले. इतरांप्रमाणे १६ करण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. २००० च्या कायद्याने ती तफावत मिटली, तर ‘सेक्शन २८’ इंग्लंडमध्ये २००३ मध्ये रद्द झाले.

हयातभर पैशांसाठी खेटे घातलेल्या या दिग्दर्शकाची झोपडी वाचवण्यासाठी २०२० मध्ये लोकवर्गणी निघाली. ३५ लाख पौंड जमले.