न्यायमूर्तींचे घर

तुम्ही कधी मुंबईला गेलात आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर आलात, तर रस्त्यापलीकडे एक जुनी, देखणी दगडी इमारत पाहा. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे. ही संस्था 1874 मध्ये ज्यांनी स्थापन केली, त्यांच्यात बद्रुद्दीन तय्यबजी होते. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव तुम्ही वाचले असेल. 1887 मध्ये मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पण आज मी तुम्हांला सभेतल्या नव्हे, घरातल्या तय्यबजींविषयी सांगणार आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. वडील तय्यबअली हे व्यापारी. त्यांचे घराणे मूळ खंभातचे, म्हणून घरात गुजराती बोलत. पण मुंबईत आल्यावर या कुटुंबाने ठरवून उर्दू ही आपल्या घरची भाषा केली. म्हणजे तुम्ही जशी मराठी शिकता, तशी त्यांनी उर्दू शिकून घेतली! त्या काळी मुसलमान समाजात इंग्रजी शिक्षणाकडे संशयाने पाहत. तय्यबअलींनी मात्र आपल्या मुलांना शिकण्यासाठी थेट विलायतेला पाठवले.

1860 मध्ये बद्रुद्दीन इंग्लंडला गेले तेव्हा ते अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते. अभ्यास जोरात चालू असताना त्यांची नजर अधू होऊ लागली. वाचणेच कठीण झाले, तर वकिलीचा अभ्यास करायचा कसा? 1864 च्या शेवटी त्यांना मुंबईला परत यावे लागले. दुसरा कोणी असता तर वडिलांच्या दुकानात बसला असता. ते वर्षभरात पुन्हा इंग्लंडला गेले आणि 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. मधल्या काळात, 1865 मध्ये, त्यांचा निकाह राहत-उन-नफ्स यांच्याशी झाला होता. नवी नवरी घरी आणि पती पुन्हा पुस्तकांत! त्या दिवसांचा भार दोघांनीही उचलला असणार.

मुंबईच्या उच्च न्यायालयात काम करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. न्यायाधीश इंग्रज, समोरचे बॅरिस्टरही इंग्रज. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे आधीच सॉलिसिटर झालेले होते, एवढाच काय तो आधार. बाकी सारे कष्टाने मिळवायचे होते, आणि त्यांनी ते मिळवले.

आता घराकडे वळू. बद्रुद्दीन आणि राहत-उन-नफ्स यांना अठरा मुले झाली. तुम्ही हसू नका. तेव्हा मोठी कुटुंबे असत. पण अठरा मुलांचे जेवणखाण, कपडे, आजारपण आणि शिक्षण, हे सगळे निभावायचे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. तुमच्या घरी तीन-चार भावंडे असली तरी जून महिन्यात वह्यापुस्तकांचा खर्च अब्बांना विचारून पाहा! वॉर्डन रोडवरच्या त्यांच्या सॉमरसेट हाऊस या बंगल्यात किती गजबज असेल!

या कुटुंबाची एक रीत मला फार आवडते. घरात एक वही ठेवलेली असे. तिला ते 'अखबार' म्हणत. पाहुणे कोण आले, कोण आजारी पडले, सहलीत काय गंमत झाली, हे त्या वहीत उर्दूत लिहायचे. पुरुषांनीच लिहायचे असे नव्हते, बायकामुलेही लिहीत. ज्या काळात मुलीला वाचायला शिकवले तरी पुष्कळ, पण लिहायला शिकवू नये असे लोक म्हणत, त्या काळात या घरातल्या मुली आपल्या मनातले कागदावर उतरवत होत्या.

मुलींचे शिक्षण हीच खरी कसोटी होती. 1876 मध्ये बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना मुंबईत शिकायला पाठवले. तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या घरांतल्या मुसलमान मुली शाळेत जात नसत. ज्यांच्याशी रोजचा संबंध, लग्नकार्याचा व्यवहार, त्या नातेवाइकांना काय वाटेल? बाहेर भाषण करणे सोपे असते, आपल्याच मुलीचा हात धरून तिला उंबरठ्याबाहेर नेणे अवघड असते. त्यांनी आधी मुलींना पाठवले आणि भाषण पुढे कितीतरी वर्षांनी केले. 1903 मध्ये मुंबईत मुस्लिम शैक्षणिक परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. धर्माने सांगितले त्यापेक्षा पडदा आपण फार कडक करून ठेवला आहे, असे मत त्यांनी तेथे मांडले. ते सगळ्यांना पटले नाही. पण घरात एक आणि बाहेर दुसरेच, असे त्यांना कोणी म्हणू शकले नाही. 1904 मध्ये त्यांनी आपल्या दोन मुली इंग्लंडमधल्या हॅसलमिअर गावी निवासी शाळेत ठेवल्या. तेव्हा ते साठीला आले होते.

दरम्यान 1895 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. न्यायमूर्ती तय्यबजी यांनी तो मंजूर केला. सरकारला हे आवडणारे नव्हते, हे सांगायला नको. 1902 मध्ये त्यांनी काही काळ मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. त्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ.

19 ऑगस्ट 1906 रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मुलांपैकी फैज हे पुढे न्यायाधीश झाले आणि मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ वकिलांच्या टेबलावर आला. हुसेन यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. आणि मुलगी अमिना? तिचे लग्न बद्रुद्दीन यांचे पुतणे अब्बास तय्यबजी यांच्याशी झाले होते. 1930 च्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर ज्यांनी पुढाकार घेतला, तेच हे अब्बास. तेव्हा ते 76 वर्षांचे होते. त्याच वर्षी गुजरातमधल्या स्त्रिया दारूबंदीसाठी घराबाहेर पडल्या. त्यांच्या पुढाऱ्यांत अमिना तय्यबजी होत्या.