सुरश्री कै. केसरबाई केरकर

अंत्रुज महालातील केरी हे श्री विजयादुर्गेच्या वास्तव्याने पावन झालेले गाव. पोर्तुगीज अमदानीत धर्मसंकट ओढवले तेव्हा सांकवाळहून देवी येथे आली आणि या डोंगरदऱ्यांच्या कुशीत स्थिरावली. या गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. गोमंतकाने हिंदुस्थानी संगीताला जी थोर गायिकारत्ने दिली, त्यांत अंजनीबाई मालपेकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याबरोबर केसरबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

केसरबाई कलावंत समाजात जन्मल्या. आपल्या देवळांत पालखीपुढे आणि मखरापुढे गायनसेवा रुजू करण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या या समाजातील स्त्रियांकडे होता. देवाच्या उत्सवाला त्यांच्यावाचून शोभा नव्हती. मात्र महाजनांच्या नोंदवहीत त्यांना स्थान नव्हते आणि समाजाच्या पंगतीतही नव्हते. सभामंडपात गाणे ऐकून माना डोलवणाऱ्यांनी उंबऱ्याबाहेर त्यांना गृहिणीची प्रतिष्ठा दिली नाही. ही वस्तुस्थिती ध्यानी घेतल्यावाचून केसरबाईंच्या करारी स्वभावाचा उलगडा होत नाही.

वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरास नेण्यात आले. तेथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याकडे आठ महिने शिक्षण झाले. गोव्यात परतल्यावर लामगाव येथे रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. पण बुवांचे येणे अधूनमधून असे आणि शिक्षणात खंड पडे. सोळाव्या वर्षी आई व मामा यांच्यासमवेत केसरबाई मुंबईस गेल्या. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही त्या काही काळ शिकल्या. गुरू थोर लाभले, परंतु एकाचाही सहवास पुरेसा लाभला नाही. दुसरी एखादी मिळाले तेवढ्या विद्येवर मैफली करून समाधान मानती. केसरबाईंना ते मानवले नाही.

त्यांचे मन जयपूर घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ यांच्या गायकीवर जडले होते. खाँसाहेबांचा होकार सहजासहजी मिळण्यासारखा नव्हता. भारी गुरुदक्षिणा, दरमहा वेतन आणि दीर्घकाळ अखंड शिकण्याची हमी, अशा कडक अटी मान्य केल्यावर १९२१ साली गंडाबंधन झाले. केसरबाई तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या वयात झालेले शिक्षण बाजूस सारून पुन्हा षड्जापासून आरंभ करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पुढील अकरा वर्षे त्यांनी कठोर मेहनत केली. नंतर मैफली गाजू लागल्या, तरी १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोवर त्यांचे शिष्यत्व संपले नाही.

या तपश्चर्येतून जे गाणे सिद्ध झाले, त्याची थोरवी जाणकारांनी एकमुखाने मान्य केली. भरदार, खुला, तिन्ही सप्तकांत सारख्याच तेजाने फिरणारा आकार; लयीच्या अंगाने गुंफलेली, मध्ये श्वासाचा खंड जाणवू न देणारी तान; आणि नटकामोद, ककुभ बिलावल यांसारख्या अनवट रागांवरील निर्विवाद प्रभुत्व ही त्यांच्या गायकीची लक्षणे होत. श्रोत्यांच्या फर्माइशीसाठी त्यांनी गाणे उथळ होऊ दिले नाही.

मैफलीचे नियमही त्यांनी स्वतःच घालून दिले. बिदागी त्या ठरवीत आणि ती कमी करीत नसत. बैठकीत अदब राखली गेली नाही, तर त्यांची नाराजी लपत नसे. आकाशवाणीवर गाणे त्यांनी नाकारले, ध्वनिमुद्रिकाही मोजक्याच दिल्या. पुष्कळांनी याला अहंकार म्हटले. परंतु ज्यांच्या आज्यापणज्यांना बोलावणे येताच जावे लागे, त्यांच्या वंशातील एका स्त्रीने कोठे, केव्हा आणि कोणापुढे गावे हे स्वतः ठरविले, याचे मोल निराळे आहे. या बाण्याची किंमतही संगीताला मोजावी लागली. रात्र रात्र रंगलेल्या त्या मैफली ऐकणाऱ्यांबरोबरच लोपल्या आणि मागे राहिल्या त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या.

मानसन्मान यथाकाल चालून आले. कलकत्त्याच्या रसिकांनी १९४८ साली ‘सुरश्री’ ही पदवी अर्पण केली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. १९६९ साली भारत सरकारने पद्मभूषण किताब दिला आणि महाराष्ट्र शासनाने राज्यगायिका म्हणून गौरव केला. आवाजाची झळाळी ओसरण्यापूर्वीच त्यांनी जाहीर मैफली थांबविल्या होत्या. आपली विद्या त्यांनी एकाच शिष्येच्या हाती सोपविली. त्या कोल्हापूरच्या ब्राह्मण घराण्यातील धोंडूताई कुलकर्णी. ज्या काळी कुलीन घरच्या मुलीने गाणे शिकणेच गैर मानीत, तो काळ मागे पडून कुलीन घरची कन्या कलावंत घरच्या स्त्रीच्या पायाशी विद्येसाठी बसली, हा पालटही केसरबाईंच्या हयातीतच घडला.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरील मानवजातीची ओळख म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी बसविण्यात आली. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांच्या शिफारशीवरून तीत केसरबाईंची भैरवी घेण्यात आली. साऱ्या जगातून निवडलेल्या सत्तावीस संगीतरचनांत भारताचे हे एकच गाणे. दुसरे यान निघाले ५ सप्टेंबर रोजी. त्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. २०१२ साली एका यानाने व २०१८ साली दुसऱ्याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. ध्वनिमुद्रणास सदैव नाखूष असलेल्या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी आज ताऱ्यांमधील अवकाशात मार्गक्रमण करीत आहे.

केरी गावात आज त्यांच्या नावाचे विद्यालय उभे आहे आणि गोव्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत समारोहही भरू लागला. हे उचितच झाले. तथापि देवस्थानांचा इतिहास लिहिताना जीर्णोद्धार करणाऱ्यांची आणि देणगीदारांची नावे आपण आदराने नोंदवितो. देवापुढे शतकानुशतके गायिलेल्या स्त्रियांची नावे मात्र कोणत्याही वहीत सापडत नाहीत. त्या अनाम परंपरेतून केसरबाईंचे एक नाव स्वतःच्या तपोबलाने वर आले. त्या नावास वंदन करताना मागे राहिलेल्या असंख्य अनाम गायिकांनाही वंदन घडावे. देवस्थानांवरील ते ऋण अद्याप फिटलेले नाही.