थोरले माधवराव आणि त्यांचे अंमलदार

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी थोरल्या माधवराव पेशव्यांचे नाव घेतले, तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या की, मग रमाबाईंबद्दलच लिहा. खरेच आहे, ‘स्वामी’ वाचून आपण सगळ्याच रडलो आहोत. परंतु मला माधवरावांचे कौतुक वाटते ते आणखी एका गोष्टीसाठी. हाताखालच्या सरकारी माणसांकडून त्यांनी काम कसे करून घेतले, ते मला सांगावयाचे आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माधवरावांचा जन्म 1745 सालचा. जानेवारी 1761 मध्ये पानिपत झाले. थोरले बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ तेथे गेले. त्या धक्क्याने वडील नानासाहेब जूनमध्ये पर्वतीवर वारले, आणि जुलैमध्ये सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. आपल्या घरांतून या वयाच्या मुलाला बाजारातून भाजी आणावयास पाठवताना आपण दोनदा विचार करतो! इकडे खजिना रिकामा, डोक्यावर कर्ज, एका बाजूस निजाम, दुसऱ्या बाजूस हैदर, आणि घरात चुलते राघोबादादा. राक्षसभुवनची लढाई 1763 साली जिंकली, 1768 साली धोडपला दादांना पकडून शनिवारवाड्यात नजरेखाली ठेवले. लढायांच्या हकीकती मुलांच्या पुस्तकांत आहेत, त्या मी सोडून देते.

त्या काळी परगण्याचा कारभार मामलेदार किंवा कमाविसदार पाही. नेमणूक होताना त्याला सरकारात आगाऊ पैसा भरावा लागे, त्याला रसद म्हणत. आधी पैसे भरून बसलेला माणूस ते रयतेकडून वसूल करणार, मग जास्तही घेणार, हे सांगावयास नको. यावर तोड म्हणून त्याच्याजवळ फडणीस, मुजुमदार वगैरे दरकदार असत. ते मामलेदाराचे नोकर नव्हते, त्याला त्यांना काढता येत नसे, आणि त्यांनी पाहिल्यावाचून हिशेब मंजूर होत नसे. मामलेदाराने गैर काही केले तर सरकारात कळवणे हेही त्यांचेच काम. एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या एकीकडे आणि हिशेबाची वही दुसरीकडे ठेवतात ना, तसेच ते. ही रीत माधवरावांच्या आधीपासूनची होती. पण दोघी जावांनी आपसांत संगनमत केले तर वही काय करणार? वरून पाहणारा जागा असावा लागतो. माधवराव जागे होते. दूरदूरच्या बातम्या त्यांच्याकडे येत, गरिबाची तक्रार ते ऐकून घेत, आणि दोषी माणूस मोठा आहे म्हणून त्याला सूट मिळत नसे.

वेठबिगारीची गोष्ट पाहा. अंमलदार गावात आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहून नेण्यासाठी गावकऱ्यांना धरत. मजुरी नाही. पेरणी असो, कापणी असो, हातातले काम टाकून निघायचे. माधवरावांनी ही चाल बंद केल्याचे हुकूम काढले, पण पहिल्या हुकमांना कोणी जुमानले नाही. इतक्यात वसईचे सुभेदार विसाजीपंत आपला किमती माल असाच बिगारी धरून नेत आहेत, अशी पक्की खबर आली. सुभेदार म्हणजे लहान असामी नव्हे. माधवरावांनी तो माल जप्त केला, वर जबर दंड बसवला आणि शेतीची कामे टाकून ओझी वाहिलेल्या लोकांना त्यातून भरपाई देवविली. मग पुन्हा हुकूम काढले, ते मात्र मोडण्याची कोणाची छाती झाली नाही. दंड तर पुष्कळ राजे करतात. तो खजिन्यात जातो. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात पैसा पडला, हे मला विशेष वाटते. सासूबाईंच्या पेन्शनच्या कागदासाठी मी एका कचेरीत पाच खेपा घातल्या. साहेब नाहीत एवढेच उत्तर मिळे. माझे ते पाच दिवस कोणाच्या हिशेबात धरले गेले नाहीत!

स्वतः माधवरावही जाब देण्यातून सुटले नाहीत. मध्यंतरी त्यांना जपध्यानाची फार ओढ लागली. एके दिवशी रामशास्त्री प्रभुणे कामासाठी वाड्यात आले, तर श्रीमंत ध्यानात बसलेले. शास्त्रीबोवा परत गेले आणि दुसऱ्या दिवशी काशीस जाण्याची रजा मागू लागले. ब्राह्मणाने राज्य हाती घेतले तर रयतेचे रक्षण हेच त्याचे कर्म. ते होत नसेल तर गादी सोडावी, आपण दोघे मिळून गंगेकाठी जप करीत बसू, असे त्यांनी तोंडावर सांगितले. माधवराव तापट म्हणून प्रसिद्ध. पण त्यांनी चूक कबूल केली आणि कामाच्या वेळचे ध्यान सोडले. नोकराने धन्याला असे बोलावे आणि नोकरीवर राहावे, हे आजही सोपे नाही. शास्त्रीबोवांना बोलता आले, कारण ते कोणाचे काही घेत नसत, घरात दिवसापुरताच शिधा ठेवीत.

पुढे क्षयाने माधवरावांना गाठले. दुखण्यातही कर्ज फेडण्याची काळजी त्यांना होती आणि त्याची व्यवस्था त्यांनी सांगून ठेवली. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला चिंतामणीपाशी त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. रमाबाई तेथेच सती गेल्या. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त पैसे देणाऱ्याला मक्त्याने जाऊ लागल्या, आणि दिलेला पैसा रयतेकडून उकळला जाऊ लागला.

अष्टविनायकाला गेलात तर थेऊरला देवळातून निघून मुळा-मुठेच्या काठी रमाबाईंच्या स्मारकापर्यंत जरूर जा. तेथे हात जोडताना मला, का कोण जाणे, डोक्यावरचे ओझे उतरवून आपल्या शेताकडे परत निघालेली वसईकडची ती माणसेच डोळ्यांसमोर येतात.