बाबासाहेब भंडाऱ्यातून हरले होते, माहितीय?

स्पर्धा परीक्षेची तयारी करताय? मग संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण, हा प्रश्न तुम्ही झोपेतही सोडवाल. आता दुसरा प्रश्न घ्या. हेच अध्यक्ष १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक कुठून लढले आणि हरले?

उत्तर आहे भंडारा. हो, आपलाच भंडारा. ज्या माणसानं देशातल्या प्रत्येक प्रौढाच्या हाती मत दिलं, त्याच माणसाला आपल्या मतदारसंघानं मतपेटीतून घरी पाठवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र आपण जयंतीच्या भाषणांत कितीतरी वेळा ऐकतो. जन्म महूचा, शिक्षण परदेशात, महाडचा सत्याग्रह, संविधान, नागपूरची दीक्षा. भंडाऱ्याचं पान मात्र पटकन उलटलं जातं. हरण्याची गोष्ट कोण सांगणार? पण तुम्ही कायदा शिकत असाल, राज्यशास्त्र शिकत असाल किंवा पहिल्यांदाच मतदार यादीत नाव घातलं असेल, तर त्यांचं आयुष्य याच पानापासून वाचून बघा. फार वेगळं दिसतं.

सनद काढायलाही पैसे नव्हते

१४ एप्रिल १८९१ चा जन्म. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसावं लागलं, तहान लागली तर स्वतःच्या हातानं पाणी घेता यायचं नाही. तिथून मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल, १९०७ ला मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांची स्कॉलरशिप मिळाली आणि १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९१६ मध्ये लंडन. तिथं एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं, अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इन.

पण स्कॉलरशिपची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी मिळाली, राहायला खोली मात्र मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन हाकलायला आले. परदेशात शिकून आलेल्या माणसाची ही कथा. रूमसाठी फिरताना आडनाव विचारलं गेल्यावर ज्यांच्या पोटात आजही गोळा येतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. एवढ्या पदव्या घेऊन मुंबईत उतरले तर वकिलीची सनद काढायलाही पैसे नाहीत. पुन्हा भथेनाच धावून आले.

हायकोर्टात वकिली सुरू झाली, पण चालायला वेळ लागला. अस्पृश्य बॅरिस्टरकडे केस द्यायला सॉलिसिटर तयार नसत. घर चालवण्यासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. मग हळूहळू नाव झालं. १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात गाजलेला खटला उभा राहिला, त्यात केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या बाजूनं ते उभे राहिले आणि जिंकले. पुढे १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

महाडला थांबणारा माणूस

२० मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्याले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच वर्षीचा डिसेंबर आठवतो का?

तळं नगरपालिकेचं होतं आणि नगरपालिकेनं ते सर्वांसाठी खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता. तरी मार्चमध्ये पाणी प्यालेल्या लोकांना मारहाण झाली. म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. हजारो लोक जमले, जेलमध्ये जायची तयारी करून आले. ऐनवेळी विरोधकांनी कोर्टात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम आणला. लोक तापलेले. तळं समोर. एक इशारा पुरला असता.

बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला. आपल्याच माणसांना समजावलं की लढा सवर्णांशी आहे, कोर्टाशी नाही. २५ डिसेंबरला त्याच परिषदेत मनुस्मृती जाहीर जाळली गेली. म्हणजे घाबरून मागे हटायचा प्रश्नच नव्हता. मनाई हुकूम मात्र मोडला नाही. मग कोर्टात केस लढवली. किती वर्षं? हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. जवळपास दहा वर्षं. निकाल त्यांच्या बाजूनं आला आणि तळ्यावरचा हक्क कागदावर पक्का झाला.

आपल्याला रिझल्ट दोन दिवस लांबला तरी चैन पडत नाही. दहा वर्षं थांबणं म्हणजे काय, विचार करून बघा.

मसुदा आणि मतपत्रिका

१९२८ मध्ये सायमन कमिशनसमोर त्यांनी प्रत्येक प्रौढाला मत मिळावं अशी मागणी केली. तेव्हा मत कुणाला होतं? ज्याच्याकडे मालमत्ता, ज्याच्याकडे शिक्षण, त्याला. गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले आणि मिळवलेही, म्हणजे त्या जागांवर मत फक्त अस्पृश्यांचंच. गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्यात उपोषण सुरू केलं आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. राखीव जागा वाढल्या, पण मत सगळ्यांचं. म्हणजे अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हे ठरवताना बाकीच्या समाजाचंही मत मोजलं जाणार. ही अट लक्षात ठेवा, भंडाऱ्यात पुन्हा भेटणार आहे.

१९४६ मध्ये संविधान सभेत ते मुंबईतून नाही, बंगालमधून गेले. त्यासाठी धडपड केली जोगेंद्रनाथ मंडल यांनी, जे पुढे पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. फाळणीनं बंगालची ती जागा गेली, मग मुंबईतून त्यांना पुन्हा निवडून आणलं गेलं. ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. पहिला कच्चा मसुदा सल्लागार बी. एन. राव यांनी तयार केला होता. समितीत सात सदस्य, पण कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी दिल्लीबाहेर. खरा भार एकट्या बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभेतच सांगितलं. ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरं द्यायची जबाबदारी मुख्यतः बाबासाहेबांची. तब्येत ढासळलेली, डायबिटीस, पायांचं दुखणं. २६ नोव्हेंबर १९४९ ला ३९५ कलमांचं संविधान स्वीकारलं गेलं. आदल्या दिवशीच्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की आता संविधानाचा मार्ग मोकळा आहे, तेव्हा आडमार्ग सोडा आणि कुठल्याही नेत्याची भक्ती करू नका.

दोन वर्षांतच हिंदू कोड बिल रखडलं. बायकांना वारसाहक्क, घटस्फोटाचा हक्क देणारं ते बिल. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना साधारण साडेचौदा हजार मतांनी हरवलं. त्यानंतर ते राज्यसभेवर गेले. पण लोकांमधून निवडून लोकसभेत जायची इच्छा राहिलीच होती.

भंडारा, १९५४

तेव्हा आपला जिल्हा महाराष्ट्रात नव्हताच. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि भंडारा त्याच राज्यात. गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होतं. लोकसभेचा मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे बाबासाहेब. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर.

आता नियम नीट समजून घ्या. आधी राखीव जागा भरायची. ती अनुसूचित जातीच्या सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या उमेदवाराला. मग उरलेल्यांत ज्याला सर्वाधिक मतं, तो दुसऱ्या जागेवर, तोही अनुसूचित जातीचा असला तरी चालेल. म्हणजे फेडरेशनच्या मतदारांनी एक मत बाबासाहेबांना देऊन दुसरं कुणालाच दिलं नसतं, तर मेहतांची मतं कमी झाली असती आणि बाबासाहेबांची संधी वाढली असती. तसं करू या, असं कार्यकर्ते म्हणत होते. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत पुढचं सांगितलं जातं ते असं, की बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मत वाया घालवा असं संविधान लिहिणाऱ्यानं सांगायचं नाही. दोन्ही मतं वापरा.

मे महिन्यात निकाल लागला. बोरकर आणि मेहता निवडून आले. बाबासाहेब तिसरे. बोरकरांपेक्षा आठेक हजार मतं कमी. वैदर्भीय उन्हात, दुखऱ्या पायांनी केलेला प्रचार फुकट गेला. राखीव जागेवर सगळ्यांचं मत, ही पुणे कराराची अट इथं त्यांनाच भोवली. त्यानंतर ते लोकसभेत कधीच पोचले नाहीत.

त्यांना राग येत नव्हता का? येत होता. १९५३ मध्ये राज्यसभेत ते या संविधानावरच भडकले होते, ते जाळायची भाषाही केली होती. ते संत नव्हते आणि संविधान म्हणजे देवघरातली पोथी आहे असंही त्यांनी मानलं नाही. पण संतापलेला हा माणूस स्वतःच्या फायद्यासाठी नियम वाकवत नव्हता. १९२७ मध्ये महाडला नाही, १९५४ मध्ये भंडाऱ्यातही नाही.

अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले. मतदानाचं वय १९८९ पासून २१ वरून १८ वर आलं. म्हणून आज तुम्ही सेकंड इयरला असतानाच मत देऊ शकता.

आपण कॉलेजात काय करतो? आपला पॅनल हरणार असं दिसलं की निवडणूकच रद्द करा म्हणतो. निकाल आवडला नाही की मशीनपासून मतदारापर्यंत सगळ्यांना शिव्या घालतो. नाहीतर एका मतानं काय होतंय म्हणून मतदानाच्या सुट्टीत फिरायला जातो. प्रश्न विचारायलाच हवेत, कोर्टात जायलाच हवं, बाबासाहेब आयुष्यभर तेच करत आले. पण आपली बाजू खरी आहे म्हणून नियम आपल्याला लागू नाही, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

तेव्हा पुढच्या १४ एप्रिलला मिरवणुकीत जरूर नाचा. मतदार यादीत नाव अजून घातलं नसेल, तर त्याआधी फॉर्म भरून टाका. भंडाऱ्यात दुसरं मत वाया घालवू नका म्हणून सांगणारा माणूस हरला होता. तुमचं तर पहिलंच मत आहे.