पोलिओ डोसवरचं ‘हाफकिन’ हे नाव कुणाचं? प्लेगमध्ये मोजणी शिकवणाऱ्या माणसाची गोष्ट

आपल्या गडहिंग्लज भागात हाफकिन हे नाव बऱ्याच जणांना पोलिओच्या डोसमुळे माहीत आहे. कुणाला ती कंपनी वाटते, कुणाला मुंबईतली संस्था. दोन्ही खरं आहे. पण हाफकिन हा मूळचा एक माणूस होता.

वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाचा, ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही वर्षांत ही साथ कोल्हापूर संस्थानातही पोचली. आपलं गडहिंग्लज तेव्हा याच संस्थानात होतं. प्लेग आला की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायचे.

हाफकिन ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत कामाला लागले. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी प्लेगची लसही आधी स्वतःला टोचून घेतली.

पण एक माणूस वाचला म्हणजे लस चालते असं होत नाही. त्याला प्लेग होणारच नव्हता असंही असू शकतं. मग कळणार कसं?

उत्तर सोपं होतं : लस घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही मोजायचं. तेही एकाच जागी.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावलं कुणीच नाही.

तरी एक शंका उरते. लस घ्यायला पुढे आलेले कैदी मुळातच धडधाकट असतील तर?

१८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावात हाफकिननी ही शंकाच काढून टाकली. प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. घर एक, अन्न एक, उंदीरही तेच. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला, तिथे लस घेतलेले ७१ जण होते. त्यातले ३ गेले. न घेतलेले ६४ होते. त्यातले २६ गेले.

आज असं निम्म्यांना मुद्दाम वगळणं संमतीशिवाय शक्य नाही. पण लसीची चाचणी आजही याच तुलनेवर उभी असते.

मग १९०२ आलं. पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं.

इथेही प्रश्न तोच होता : कुणाला झालं, कुणाला नाही? त्या दिवशी १०७ जणांना लस दिली होती. मेलेले सगळे एकाच बाटलीतले. बाकी बाटल्यांमधली लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. म्हणजे घाण त्या एका बाटलीत गेली होती. पण कुठे? मुंबईत की गावात? जंतू मुंबईपासून वाढत आले असते तर बाटली उघडताना वास आला असता. तो आला नव्हता. उलट ती उघडायचा चिमटा जमिनीवर पडल्याचं समोर आलं होतं.

रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. तोवर पाच वर्षं गेली होती.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ते वारले.

आता व्हॉट्सॲपवर लस घेतली आणि अमका आजारी पडला असा मेसेज आला, तर पुढे ढकलण्याआधी दोन गोष्टी विचारा. घेतलेल्या किती जणांपैकी किती आजारी पडले? आणि न घेतलेल्यांपैकी किती?